जैतुनचाचीचा शब्द

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, ६ मार्च २०२५

प्रिय फहमिदा,

परवा फोनवर तू ईदेला लासूर स्टेशनला ये म्हणालीस आणि मी नुसतं "बघते" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, म्हातारी गुडघ्याचं निमित्त काढतेय. गुडघे ठीक आहेत. जिना चढताना डावा कुरकुरतो, उजवा त्याला समजावतो, असं चाललंय. मी "बघते" म्हणाले ते तू शेवटी हसत हसत जे बोललीस त्यामुळं. "शिजवलेला शिरखुर्मा पुढं नाय करणार बाई, तुझ्यासाठी कच्चा शिधा काढून ठेवते. मी अम्मीसारखी नाय. अम्मी लई चांगली होती, पण शब्दाची कच्ची. तिच्या एका वाटीपायी माझी शाळा गेली." तू हसलीस, पण ऐंशीव्या वर्षी माणूस जे हसून सांगतं ते विसरलेलं नसतं. फहमिदा, तुझ्या अम्मीबद्दल, माझ्या जैतुनचाचीबद्दल, तुझ्या मनात जे बसलंय ते चुकीचं आहे. का चुकीचं ते मला ठाऊक आहे, आणि आता जिवंत माणसांत फक्त मलाच. म्हणून येते की नाही हे सांगण्याआधी हे लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शेवटपर्यंत वाच, आणि मग मला ये म्हणायचं की नाही ते ठरव.

गेल्या महिन्यात मी माझ्या पोराला, बद्रीनाथला, घेऊन आपल्या गल्लीत जाऊन आले. आईला जुनी जागा दाखवायची म्हणून त्यानं रविवार मोडला. नवाबपुऱ्यात शिरलो तेव्हा मला वाटलं रस्ता चुकला. आपल्या दोन घरांच्या जागी आता एकच तीन मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. दुकानदाराला म्हटलं, तुझ्या गल्ल्याच्या जागी आमची मोरी होती. तो म्हणाला, आजी, कव्हर बघायचं का? मी पावलांनी मोजून पाहिलं. कोपऱ्यावरच्या भुसार दुकानापासून आपलं दार सत्तावीस पावलांवर होतं, लहानपणीच्या पावलांनी. आता वीस भरली. आणि हो, तू नेहमी म्हणतेस की परसात कडुलिंब होता. कडुलिंब पलीकडच्या गल्लीत होता. आपल्याकडं बोराचं झाड होतं, तुमच्या बाजूला बुंधा आणि आमच्या बाजूला बोरं. यावरून तुझी दादी आणि माझी आई दर हिवाळ्यात भांडत. हे तुला कबूल नसेल तर भेटीत वाद घालू.

आम्ही गंगापूर तालुक्यातून शहरात आलो ते एकोणपन्नास साली, पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात. तात्यांना मोंढ्यात मापाड्याचं काम मिळालं होतं. दिवसभर धान्य मोजायचं. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर ज्वारीची धूळ असायची. मी पाच वर्षांची, तू चारची. तुमच्या घरात हिमरू कापडाचे दोन माग होते, जमिनीत खड्डा करून बसवलेले. तुझ्या अब्बांनी माग चालू केला की आमच्या फळीवरची भांडी बारीक थरथरायची. आई म्हणायची, चांदपाशा उठले, चला आता. घड्याळ आमच्याकडं नव्हतं. पुढं शेरवान्या शिवून घेणारी माणसं कमी कमी होत गेली, दोनातला एक माग बंद पडला आणि त्यावर कोंबड्या बसू लागल्या. पण ईदेला जैतुनचाचीच्या ताटातली खारीक त्या साली कमी झाली नाही, हे मी नीट पाहिलं होतं.

ते ताट तुला आठवत असेलच. पितळेचं, काठाला एके ठिकाणी पोचा, वर क्रोशाचा रुमाल. त्यात बारीक शेवया, साखर, खारका, खोबऱ्याची अर्धी वाटी, मनुका आणि कागदाच्या पुडीत चारोळी. सगळं कोरडं, कच्चं. आई माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. ज्या भांड्यात मटण शिजतं त्यातलं ती खात नसे, आम्हालाही खाऊ देत नसे. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच ईदेला चाचीनं दारात उभं राहून विचारलं होतं, "वच्छलाबाई, शिजवलेलं चालत नाय ना तुमाला? मग शिधा देते. तुमच्या चुलीवर, तुमच्या पातेल्यात, तुमच्या हातानं करा. माझ्या घरचं शिजवलेलं तुमच्या लेकरांच्या तोंडात जाणार नाय, जबान देते." हाच तो शब्द. आईला तो इतका आवडला की ती पुढं चार बायांत सांगायची, आमची शेजारीण बघा कशी आहे.

पण आमच्या घरात त्या शिध्याचं काय व्हायचं ते तुला कधीच कळलं नाही. आई त्यातल्या शेवया आणि साखर घ्यायची, गवळ्याकडचं दूध घालायची आणि खीर करायची. खारीक, खोबरं, मनुका, चारोळी हे सगळं सरळ डब्यात. खारीक-खोबरं म्हणजे ओटी भरायची वस्तू, ती खिरीत घालून संपवायची असते हे तिच्या डोक्यातच नव्हतं. तिला वाटायचं, जैतुनबी किती रीतीची बाई, शेवयांबरोबर ओटीचंही सामान देते. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या दारी आलेल्या कितीतरी सवाष्णींच्या ओट्या तुमच्या ईदेच्या खारकांनी भरल्या गेल्या. त्यांना सांगितलं असतं तर निम्म्या फिट येऊन पडल्या असत्या. मला मात्र मिळायची पांढरी, पाणचट, शेवयांची खीर. आणि भिंतीपलीकडून तुपात परतलेल्या खारकेचा वास यायचा. तू ओट्यावर येऊन मला सांगायचीस, आज मी चार वाट्या खाल्ल्या. फहमिदा, तू चांगली होतीस, पण ते सांगायची तुला काही गरज नव्हती.

आता बावन्न सालची ईद. जूनचा शेवटचा आठवडा होता, शाळा नुकत्या उघडल्या होत्या. वार आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते मी लिहीत नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यात चांदपाशाचाचा तात्यांकडं आले होते. म्हणाले, "तात्या, अब मराठीका जमाना आहे. आमची पोरगी हुशार आहे. तुमच्या मनकर्णाबरोबर तिला शाळेत जाऊ द्या. एकटीला मोंढ्याच्या गाड्यांतून कशी पाठवू?" तात्या म्हणाले, ईदेनंतरच्या सोमवारी मी स्वतः नाव घालून येतो. तुझ्यासाठी हिरव्या छिटाचं परकर-पोलकं शिवायला टाकलं होतं. माझी जुनी पाटी घासून, चौकट खिळ्यानं पक्की करून मी तुझ्यासाठी तयार ठेवली होती.

ईदेच्या दिवशी शिधा आला. दुपारी आईनं ताट परत द्यायला मला पाठवलं. रिकामं ताट परत द्यायचं नसतं म्हणून त्यात दोन पाडाचे आंबे ठेवले. तू ईदी गोळा करायला खालाकडं किराडपुऱ्यात गेली होतीस. पुरुषमाणसं बाहेर. चाची वर धाब्यावर वाळत घातलेलं काही काढत होती, तिच्या चपलांचा आवाज येत होता. खाली कुणी नाही. चुलीजवळ कल्हई केलेलं मोठं पातेलं, वर झाकण, झाकणातून वाफ. मी ताट खाली ठेवलं. झाकण सरकवलं. पळी दिसली नाही म्हणून हातच घातला, भाजला, तरी काढला नाही. तीनदा हात भरून खाल्लं असेल. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी दिलं नव्हतं, कुणी आग्रह केला नव्हता. मी चोरून खाल्लं.

हो, चाचीनं मला काहीही दिलं नव्हतं. पत्र खाली ठेवू नकोस, पुढं वाच.

घरी आले तर आईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "काय खाल्लंस गं? मनकर्णे, खरं सांग, कुणी दिलं?" तिनं 'कुणी दिलं' विचारलं आणि मला वाट सापडली. मी म्हटलं, जैतुनचाचीनं. वर आणखी म्हटलं, मी नको नको म्हणत होते. आठ वर्षांच्या पोरीला इतकं नीट खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. आईनं माझं मनगट धरलं आणि तशीच तुमच्या दारात नेलं. तिच्या गळ्यातली माळ धापेनं हलत होती. चाची नुकती जिना उतरून आली होती. आई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "तुमचा शब्द होता, जैतुनबी." चाचीनं आधी आईकडं पाहिलं. मग चुलीकडं पाहिलं, वाकड्या झाकणाकडं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता संपलं. आणि ती म्हणाली, "हां बाई. मीच दिलं. बच्ची दारात आली, मन ऱ्हायलं नाय. माफ करा." आई म्हणाली, "तुमच्याकडून असं वाटलं नव्हतं." चाची खाली मान घालून उभी राहिली. माझ्या आईसमोर मान खाली घातलेली ती मी एकदाच पाहिली.

पुढचं तुला माहीत आहे. आईनं मला डोक्यावरून आंघोळ घातली, येणं-जाणं बंद केलं, आणि सोमवारी तात्या मला एकटीला घेऊन शाळेत गेले. तू हिरवं परकर-पोलकं घालून ओट्यावर उभी होतीस. मी तुझ्याकडं पाहिलं नाही. तू अम्मीशी भांडलीस, तीन दिवस तिच्या हातचं जेवली नाहीस, "तू कायकू दिया, तू कायकू दिया" म्हणून रडलीस, ते मला भिंतीतून ऐकू येत होतं. चाची एवढंच म्हणत होती, "हो गया बेटा, चुकलं माझं." तिला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तिनं ते तिच्या पोटच्या पोरीलाही सांगितलं नाही.

आता मोरीजवळच्या भिंतीतली ती सुटी वीट. तू तुझ्या नातवंडांना सांगतेस ना, की माझी सहेली दोन वर्षं रोज संध्याकाळी विटेच्या भोकातून आपलं पुस्तक मला द्यायची, सकाळी मी परत करायची, आणि असं मी मराठी शिकले, म्हणून आज पेपर वाचते आणि दुकानाची पत्रं लिहिते? सांगतेस ते खरं आहे. वीट काढून मी पहिल्यांदा ती दुरुस्त केलेली पाटी सरकवली, मग पुस्तक. तू त्याला माया समजलीस. माया नंतर आली, गं. पहिले कितीतरी दिवस मी ते झोप लागावी म्हणून करत होते. पण तू चौथीचं पुस्तक माझ्याआधी संपवलंस आणि भोकातून विचारलंस, पाचवीचं कधी मिळणार? तेव्हा मला तुझा रागच आला, म्हणजे तोवर बरोबरीचं नातं झालं असावं.

दोन्ही आयांची गंमत तर तुला पुरती माहीतच नाही. ईदेचा शिधा आईनं दुसऱ्या वर्षी दारातूनच परत केला. पण त्याआधी त्याच बावन्नची दिवाळी आली तेव्हा फराळाचं ताट तिनं स्वतः तुमच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. तात्यांनी विचारलं, हे कसं काय? तर म्हणाली, त्यांचं चुकलं म्हणून आपण कशाला चुकायचं? आणि चाचीनं ते ताट परत पाठवताना त्यात काय घातलं असेल? खारका, खोबऱ्याची वाटी आणि चारोळीची पुडी. आता परत आलेल्या ताटातलं नाकारता येत नाही, ती रीत. आई ताटाकडं बघत बसली आणि म्हणाली, "बाई लई पक्की आहे." पण डब्यात भरलं. दोन दिवाळ्या असं झालं. चौपन्नच्या ईदेला शिधा पुन्हा आला आणि आईनं मुकाट्यानं घेतला. इतकंच नाही, चाची वळून निघाली तर तिला थांबवून विचारलं, "जैतुनबी, एक विचारू? ही खारीक तुम्ही नक्की कशात घालता?"

चाचीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती आमच्या ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की चांदपाशाचाचा माग सोडून बाहेर आले. मग तिनं उंबऱ्याबाहेर बसूनच माझ्या आईकडून शिरखुर्मा करवून घेतला. "वच्छलाबाई, खारीक दुधात भिजवा. आता उभी चिरा. आडवी नाय, उभी! तूप घाला. आणखी घाला, नवरा मोंढ्यात हाय, कायकू डरताय?" आई आतून ओरडत होती, "परतलं, पुढं काय?" आमच्या घरात पहिल्यांदा तो वास आला. आईनं वाटी माझ्या हातात दिली. दोन वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि माझ्यानं गिळवेना. चाची दारातून बघत होती. म्हणाली, "खा बेटा. हे तर तुझ्या आईनं केलंय." मी खाल्लं.

चाचीला हे कधीच कळलं नसेल असं मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. साठ साली तुझा निकाह होऊन तू लासूरला गेलीस, बासष्टला माझं लग्न पैठणला ठरलं. हळदीच्या दिवशी चाची मला बघायला आली, शेजारी बसली. मी म्हटलं, चाची, त्या ईदेला... ती म्हणाली, "मेरेकू मालूम है. झाकण वाकडं होतं, आणि तुझ्या वरच्या ओठाला चारोळी चिकटली होती." मी विचारलं, मग खरं का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "ईदेच्या दिवशी दारात आलेल्या बच्चीला चोर कशी म्हणू?" मी म्हटलं, आता फहमिदाला तरी सांगते. तेव्हा तिनं माझा हळदीचा हात घट्ट दाबला. "नको. शपथ हाय. आईवर रुसलेली पोरगी फिरून येती, जाईल कुठं? सहेलीवर रुसलेली येत नाय. तिची सहेली ऱ्हाऊ दे. माझ्यावर रुसू दे." मी शपथ पाळली. पाळायला सोपी होती, हेही लिहून टाकते. एकोणऐंशीला चाची गेली, तिला माती दिली त्या दिवशी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस आणि मी तेव्हाही पाळली.

बाकी आमचं बरं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा मीच ओवते, सून मला आणून देते. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्या दिवशी घरात सण असतो. यंदा पाडवा रविवारी आहे आणि चंद्र दिसला तर दुसऱ्याच दिवशी तुझी ईद. रविवारी गुढी उतरवली की मी मोकळी.

फहमिदा, परवा तू अम्मीला शब्दाची कच्ची म्हणालीस आणि मला जाणवलं की चाचीचा अंदाज एका बाबतीत चुकला. रुसलेली पोरगी पुरती फिरून आलीच नाही. त्र्याहत्तर वर्षं दारापर्यंत येऊन थांबलीये. म्हणून आज शपथ मोडली, आणि म्हणून हे पत्र. तुझी अम्मी शब्दाला जागली होती. तुझी शाळा तिच्या वाटीनं गेली नाही, माझ्या जिभेनं गेली. तिला माफ करण्यासारखं काही नाहीच, तेव्हा ते काम तुझ्यामागचं सुटलं. मला माफ करायचं की नाही ते तुझं तू बघ, मी ते मागायला बसले नाही. पण वर लिहिलं की मी यायचं की नाही ते तू ठरव, ते आता खोडते. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी लासूरला उतरणार आहे, तू स्टेशनवर आलीस तरी आणि नाही आलीस तरी. घर मला माहीत आहे. सहेलीवर रुसलेली फिरून येत नाही, असं तुझी अम्मी म्हणाली होती. माझ्यासाठी बोललेलं खोटं सोडलं तर जन्मभर ती खरंच बोलली. तिचं एवढं एक म्हणणं मात्र तू खोटं पाड.

तुझीच, भिंतीपलीकडची,
मनकर्णा